भिंगारातली येळवस

वेळा अमावस्या नावाचा सण नगर जिल्ह्यात नाही. हे वाक्य त्या हिवाळ्यात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी शेवटी मलाही वाटू लागलं होतं, हा सण आमच्या घरच्यांनी मिळून रचलेली थाप असावी.

आमच्याकडे, म्हणजे औसा-निलंग्याच्या बाजूला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला गाव ओस पडतं. चोरी करायची तर तोच दिवस उत्तम, पण चोरही आपापल्या शेतात जेवायला गेलेले असतात. ज्वारी कणसात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून मांडायचं, त्यांना पांडव म्हणायचं. आंबवलेल्या पिठाची ताकातली आंबील, सगळ्या शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' असं ओरडत शेताला फेरी घालायची आणि मग जो येईल त्याला ओढून जेवायला बसवायचं. याला आम्ही येळवस म्हणतो. ओलगे म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही आणि त्यावाचून कोणाचं कधी अडलंही नव्हतं. माझं अडलं.

मी तेव्हा भिंगारात राहत होतो. नगरच्या एका कचेरीत जमिनीचे जुने फारसी-उर्दू कागद वाचायला माझी नेमणूक होती. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकल्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. नाव सहादेव, पण गल्लीत सगळे मुन्शीजी म्हणत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. आमचं गाव मात्र अजून निजामाकडेच होतं, आणि सरहद्दीपलीकडे त्या वर्षी काय चाललं होतं ते जुन्या लोकांना सांगायला नको.

तिकडून पोळ्यानंतर माझ्या सासूबाई आल्या. बनुबाई त्यांचं नाव. त्या आल्या असं म्हणणं चुकीचं आहे, त्यांना धाडण्यात आलं. त्यांचा मुलगा गोरक्ष, माझा मेहुणा, याने त्यांना एका ओळखीच्या गाडीत बसवून दिलं आणि स्वतः रान राखायला मागे राहिला. त्यानंतर त्याची काही खबर नव्हती.

जावयाच्या घरी राहायचं म्हणजे बनुबाईंना मोठं संकट होतं. त्या माझ्याशी बोलत नसत. काही सांगायचं झालं तर माझ्यादेखत केशरला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणत, "त्यांना म्हणावं, पाय पुसून या." मी पाय पुशीत असे. बाकी त्या गप्पच. सकाळी दारात पूर्वेकडे तोंड करून बसत. समोर पूर्व नव्हती, समोर आक्काबाईंची भिंत होती. आक्काबाई आमच्या शेजारीण. त्यांचा बरेच दिवस समज होता, की या बाई आपल्या घरावर नजर ठेवून आहेत.

मार्गशीर्ष लागल्यावर एके दिवशी जेवताना बनुबाई केशरला म्हणाल्या, "औंदा येळवस न्हाई म्हन की." एवढंच. मागणी नव्हती, तक्रार नव्हती. केशरने मान खाली घातली. मला त्या घासाला उचकी लागली आणि पाणी पिऊन होताच मी छातीठोकपणे म्हणालो, "नाही कशी? इथे करू."

म्हणायला सोपं होतं. माझ्या मालकीची जमीन म्हणजे खिडकीतलं तुळशीचं खापर.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले सुरू झाले. आक्काबाईंचं म्हणणं, अमावस्येला कोणी सण करतं का, तीन दिवसांनी संक्रांत आहे, आदल्या दिवशी भोगी आहे, भोगीची भाजी म्हणजे तुमची तीच ती भज्जी, तेव्हा आणखी दोन दिवस दम धरा. मी हे घरात सांगितलं. सासूबाईंनी केशरमार्फत मला विचारलं, की भोगीला शेतात जेवतात का. मी म्हटलं, नाही, घरात. त्यावर त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं त्या नजरेने मी आजवर फक्त खोटी खरेदीखतं पाहिली आहेत.

दुसरे सल्लागार काकासाहेब. हे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्त झाले ते शाळेतून, इतिहास सांगण्यातून नव्हे. त्यांच्या परसात वांग्याची चार झाडं होती. "कल्पना करा, मुन्शीजी," ते म्हणाले, "हेच शेत." मी कल्पना करून पाहिली. वांग्याला फेरी घालून आंबील शिंपडणारा मी मला दिसलो आणि मी त्यांचे आभार मानून निघून आलो.

शेत मिळालं ते नूरमहंमद शेखांचं. भिंगारच्या नाल्यापलीकडे त्यांची शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी होती आणि मधे हरभरा होता. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक फारसी कागद मी एकदा वाचून दिला होता, तेवढीच ओळख. मी चाचरत विचारलं. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "करा की. रान काय कमी होतंय का त्यानं?" मग विचार करून म्हणाले, "निस्तं रान नगा मागू. मला बी जेवाय बोलवा."

परतताना वाटेत काकासाहेब भेटले, त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, की तुमच्या सासूबाई तिकडून एवढं सोसून आल्या, त्यांना मुसलमानाच्या रानात येळवस चालेल का. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि आता आलं ते जाईना. घरी मी केशरला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, आईंना जरा हळूच विचार. केशरने हळूच विचारलं. मग सासूबाईंचा प्रश्न बाहेर आला, "त्यांना म्हणावं, ज्वारी कंची हाय? मालदांडी का दगडी?"

मी पुन्हा नाला ओलांडून विचारून आलो. मालदांडी होती. तो विषय तिथे संपला.

खरी अडचण सरकारी निघाली. त्या दिवसांत जमावबंदीचा हुकूम होता. छावणीलगतच्या रानात पाचाहून अधिक माणसं जमायची तर परवानगी लागे. मी स्वतः कचेरीतला माणूस, तेव्हा परवानगी काढणं माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी घरात सांगून बसलो होतो. परवानगीच्या कचेरीत मला जे रावसाहेब भेटले त्यांनी सणांची छापील यादी काढली, वरून खाली आणि खालून वर वाचली आणि म्हणाले, "हा सण यात नाही."

मी म्हटलं, आमच्याकडे आहे.

"तुमच्याकडे म्हणजे निजामाकडे," ते म्हणाले आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या नजरेखाली मला उगीचच आपण काहीतरी लपवून आणलं आहे असं वाटू लागलं. शेवटी त्यांनी तोड काढली. सणाचा उगम, इतिहास आणि प्रयोजन एका कागदावर लिहून आणा, मग बघू.

येळवसीचा उगम. मी जन्मभर ती केली होती, म्हणजे तिचं जेवण जेवलो होतो. उगमाकडे पाहायला सवड झाली नव्हती. घरी येऊन केशरला विचारलं. ती म्हणाली, पांडव वनवासात असताना त्यांना एका शेतकऱ्याने आंबील पाजली, त्याची आठवण. सासूबाईंना हे पटलं नाही. त्यांनी केशरला, म्हणजे मला, सांगितलं, की पांडव नंतरचे. त्या दिवशी लक्ष्मी घरातून उठून रानात जाते, म्हणून आपणही जायचं, तिला एकटं सोडायचं नाही. केशर म्हणाली, मग पाच दगड कशाला? लक्ष्मी एकच आहे. यावर मायलेकींचं पहिल्यांदाच थोडं वाजलं. मला ते ऐकून बरं वाटलं. कित्येक महिन्यांत सासूबाई एवढं बोलल्या नव्हत्या.

नूरमहंमदांना सहज विचारलं तर त्यांचे आजोबा परांड्याकडचे निघाले आणि त्यांनाही येळवस ठाऊक निघाली. त्यांच्या आजोबांच्या मते हा पिकाच्या डोहाळजेवणाचा प्रकार होता. "पीक पोटुशी ऱ्हातं ना. कापायच्या आदी त्याला एक डाव मनासारखं जेवू घालायचं," असं ते म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, की त्यांच्या आजीला हे मान्य नव्हतं. आजीच्या मते ती पिरासाठी होती.

आता माझ्याकडे तीन-चार उगम जमले होते आणि कागद एकच होता. अशा वेळी शहाणा माणूस काहीतरी एक लिहून मोकळा होतो. मी काकासाहेबांकडे गेलो.

काकासाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, ही सगळी लोकसमजूत आहे, शास्त्र निराळं आहे. 'येळ' हा कानडी शब्द, अर्थ सात. पेरणीपासूनची सातवी अमावस्या. मी बोटांवर मोजून पाहिलं, तर शाळूच्या पेरणीपासून ती कशीही सातवी येईना. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. कारण तोवर ते 'ओलगे'पर्यंत पोचले होते. ओळग म्हणजे जुन्या भाषेत सेवा, दरबार, राजापुढे हजर होणं. तेव्हा, काकासाहेब उठून उभे राहिले, हा मुळात सण नव्हेच. प्राचीन कानडी राजांच्या फौजेची ही हजेरी. कोप म्हणजे छावणी. पाच दगड म्हणजे पाच सेनापती. आणि 'ओलगे ओलगे' ही रणगर्जना.

ते ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. आपण लहानपणी पोटभर आंबील पिऊन ढेकर देत होतो ती एका फौजेची हजेरी होती, हे कळून माझा ऊर भरून आला. काकासाहेबांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तो निबंध लिहून दिला. मी तो न वाचता रावसाहेबांपुढे ठेवला.

रावसाहेबांनी मात्र वाचला. वाचताना त्यांचा चष्मा हळूहळू खाली आला. ते म्हणाले, "थोडक्यात, निजामाच्या हद्दीतून आलेली माणसं लष्करी छावणीशेजारी जमणार, सेनापतींची पूजा करणार आणि रणगर्जना करणार. आणि त्याला मी परवानगी द्यायची."

मी म्हणालो, की ते दगड आहेत, आणि गर्जना मी करणार आहे, माझा आवाज ऐकून कोणी घाबरेल असं नाही. त्यांनी निबंध दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. मी गयावया केली. सासूबाईंचं सांगितलं, मेहुण्याचं सांगितलं. रावसाहेब दुष्ट नव्हते. त्यांनी घटकाभर खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "जेवण असतं ना यात?"

"जेवणच असतं," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: वनभोजन, कौटुंबिक. खाली शिक्का मारला.

परवानगी मिळाली, पण तो कागद घेऊन घरी येताना मला काही आनंद झाला नाही. आमच्या साऱ्या मुलुखाचा सण सरकारदरबारी वनभोजन म्हणून नोंदला गेला, आणि तो नोंदवून घेणारा फारसी वाचणारा शहाणा मी. काकासाहेबांचं दुःख तर त्याहून मोठं होतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अमावस्या रविवारी होती. भल्या सकाळी मी आणि काकासाहेब (ते तोवर बोलू लागले होते) कोप बांधायला शेतावर गेलो. नूरमहंमदांनी कडबा काढून ठेवला होता. पाच पेंढ्या वर्तुळात उभ्या करायच्या आणि वर एकत्र बांधायच्या, यात न जमण्यासारखं काही नाही. आमची कोप पहिल्यांदा पूर्वेला पडली, दुसऱ्यांदा पश्चिमेला. तिसऱ्यांदा काकासाहेब प्रवेशद्वाराची दिशा शास्त्रोक्त आहे का ते पाहायला आत शिरले आणि ती त्यांच्यावर पडली. मी पेंढ्या उपसत होतो तेवढ्यात सासूबाई केशरबरोबर सामान घेऊन आल्या. त्यांनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि मध्ये केशर आहे की नाही हेही न पाहता थेट मला म्हणाल्या, "आशी बांधत्यात व्हय जी कोप? सरका तिकडं. आन् त्या मास्तरला भाईर काढा आदी."

जावयाशी बोलायचं नसतं हे सासूबाई त्या दिवशी विसरल्या ते विसरल्याच. मी सरकलो. कोप उभी राहिली. पाच दगड नाल्यातून आणले, चुना लावला, मांडले. काकासाहेबांनी पाचव्याकडे बोट दाखवून, हा सहादेव, म्हणजे तुम्हीच, असा विनोद केला. त्यांच्या टोपीत अजून कडब्याची पानं होती, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

आता आंबील. ती घरीच राहिली होती, कारण आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, घरच्या कर्त्या पुरुषाने घोंगडी पांघरून डोक्यावरून शेतात आणायचं असतं. कर्ता पुरुष म्हणून माझ्याकडे बोट दाखवण्याचा हा विरळा प्रसंग. मी घरी गेलो. कोट आणि काळी टोपी काढून ठेवावी असं मनात आलं होतं, पण कचेरीतलं कोणी भेटलं तर, म्हणून ठेवली नाही. वर घोंगडी घेतली, त्यावर चुंबळ, त्यावर बिंदगं. भिंगारच्या बाजारातून या थाटात जाताना कचेरीतलं कोणी भेटलं नाही. पोलीस भेटला.

गहिनीनाथ शिपाई ओळखीचा होता, पण घोंगडीत त्याने मला ओळखलं नाही. आंबील रात्रभर आंबून चांगली खळबळत होती आणि बिंदग्याच्या काठावरून माझ्या कोटावर उतरली होती. त्याने वास घेतला. दारूबंदीचे दिवस येऊ घातले होते आणि हातभट्टीवाल्यांवर करडी नजर होती. त्याने मला भर बाजारात थांबवलं आणि मडक्यात काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, आंबील. असं कोणतंही पेय त्याच्या माहितीत नव्हतं. मी परवानगीचा कागद दाखवला. त्यात वनभोजन होतं, मडकं नव्हतं. माणसं जमली. डोक्यावर हात असल्यामुळे मला नाकावरची माशीही हाकलता येत नव्हती. शेवटी त्याने तपासासाठी थोडी द्रोणात ओतून घेतली आणि चाखली. मग थोडं थांबून म्हणाला, की एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही, आणखी थोडी पाहावी लागेल. तिसऱ्या द्रोणानंतर त्याची खात्री झाली आणि तो वाट करून देत माझ्यापुढे नाल्यापर्यंत चालत आला. लोकांना वाटलं, मला पकडून नेत आहेत.

शेतात नूरमहंमदांच्या घरच्या सकीनाबी हिरवे घाटे आणि तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. भज्जी शिजत होती. मी बिंदगं उतरवलं. पूजा झाली. आता फेरी. एका हातात आंबिलीचा तांब्या, दुसऱ्या हातात पळसाची डहाळी. सासूबाई म्हणाल्या, "वरडा आता."

मी घसा साफ केला. काकासाहेब, केशर, नूरमहंमद, सकीनाबी, शिपाई, सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून 'ओलगे' निघालं ते फारसी कागद वाचताना निघतं तसं. मी पुढे चाललो. शाळू माझ्या डोक्यावरून उंच होती. थोडं आत गेल्यावर ती मागची माणसं दिसेनाशी झाली. फक्त पानांची सळसळ आणि हरभऱ्याचा आंबूस वास. तो वास नाकात गेला आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी ओरडलो. लहानपणी बांधावरून पळताना ओरडायचो तसा. पुन्हा ओरडलो. कोट आंबिलीने भिजलेला, टोपी कुठेतरी पडलेली आणि मी त्या परक्या शिवारात 'ओलगे ओलगे' म्हणून गळा फाडत होतो.

आणि नाल्याच्या पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं.

मी थांबलो. मला वाटलं, डोंगराचा आवाज असेल. पण तिथे डोंगर नव्हता. पुन्हा आवाज आला, आता दोन-तीन जणांचा. मी कडेला येऊन पाहिलं. नाल्यापलीकडे रस्त्याची खडी फोडणाऱ्यांची पालं पडलेली होती. मी रोज कचेरीला जाताना ती पाहत होतो. ही माणसं कुठली, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता त्या पालांतून बायका-पुरुष नाला उतरून येत होते. पळतच येत होते. पुढे एक उंच बाई होती. काठावर येऊन तिने दम घेतला आणि विचारलं, "कोन हाय जी? कोन वरडलं आत्ता?"

"मी," मी म्हणालो.

ती माझ्या कोटाकडे पाहून म्हणाली, "तुमी?" आणि पुढे काही बोलायच्या आधीच तिला रडू आलं.

तिचं नाव छबूबाई. ती माणसं उमरग्याकडची होती, काही तुळजापूरकडची. शेतं सोडून आलेली. परवानगी कुटुंबापुरती होती. मी गहिनीनाथाकडे पाहिलं. तो पत्रावळ मांडून बसला होता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि, माणसं काही फार दिसत नाहीत, असं म्हणून भज्जीची वाट पाहू लागला.

भज्जी थोडी होती, माणसं पुष्कळ. नूरमहंमदांनी कणसं तोडून आगटी पेटवली. छबूबाईने कोपीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पांडवांची तोंडं चुकली होती. तिच्या गावी ती दुसरीकडे असत. तुळजापूरकडच्या म्हाताऱ्याने सांगितलं, की पाच पुढे आणि दोन मागे पाहिजेत, ते राखणदार. मग छबूबाईने आंबील चाखली आणि म्हणाली, "आंबील हाय का ताक?"

सासूबाई उठल्या. "ताक?" त्या म्हणाल्या. "कोन्या गावची गं तू? रातभर आंबवलंय, अन् ताक म्हनती." आणि त्या जे सुरू झाल्या ते त्यांची आंबील, त्यांच्या सासूची आंबील, उमरग्याकडच्या बायकांना पीठ कसं वैरता येत नाही, इथपर्यंत गेल्या. छबूबाईही मागे हटणारी नव्हती. दोघींचे आवाज सगळ्या शिवारात घुमत होते. मी मध्ये पडणार होतो, तर केशरने माझी बाही धरली. ती चुलीपाशी बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "असू द्या," ती म्हणाली. "आईचा आवाज ऐका की."

काकासाहेबांनी त्या म्हाताऱ्याला गाठून फौजेची हजेरी समजावून सांगायला घेतली होती. म्हाताऱ्याने सगळं आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग फौजंला जेवाय कोन घालत हुतं?" काकासाहेबांनी ते टिपून घेतलं.

जेवणं उरकली. भांडून दमलेल्या दोघी एकमेकींच्या शेजारी टेकल्या. तेव्हा कळलं, की आगटीपलीकडे बसलेला छबूबाईचा नवरा दिवाळीच्या आसपास सरहद्द ओलांडून आला होता आणि येताना सासूबाईंच्या गावच्या शिवारातून आला होता. सासूबाई त्याच्याकडे सरकून बसल्या. मला वाटलं, आता त्या मुलाची चौकशी करतील. त्यांनी विचारलं, "वढ्याच्या कडंचं रान, चिंचंच्या अंगाचं. पेरलेलं हुतं का?"

तो जरा आठवून म्हणाला, "हुतं. गुडघ्याएवढी ज्वारी हुती."

"मान्सं?"

"मान्सं न्हाई दिसली. आमी दिवसा लपून, सांजच्याला चालत हुतो."

"बांधाला काय हुतं?"

तो पुन्हा आठवू लागला. आगटीत एक कणीस तडतडलं. "करडई," तो शेवटी म्हणाला. "काटं टोचू नयेत म्हनून मी वळसा घातला, म्हनून ध्यानात हाय. करडईच हुती."

सासूबाईंनी डोळे मिटले. मग हळू आवाजात, कोणाला असं नाही, म्हणाल्या, "येताना मी त्याला सांगून आल्ते. बांधाला करडई टाक बाबा, गुरं शिरत्यात." आणि छबूबाईच्या मांडीवर हात ठेवून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. पेरलं होतं, म्हणजे पेरणीपर्यंत तो होता. त्या दिवशी आम्हाला मिळालेली बातमी एवढीच. त्यानंतरचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिवस कलला. येळवसीच्या सांजेला कडब्याचा हेंडगा करतात, म्हणजे जाड पेंडी वळून पेटवतात आणि ती घेऊन शेतातून घराकडे पळत सुटतात. आपली पेंडी विझायच्या आत गावात पोचवायची, अशी पोरासोरांची चढाओढ असते. मी म्हणालो, हे आपण राहू देऊ, शाळू वाळत आलीय. खरं कारण निराळं होतं. पळायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होता. पण नूरमहंमद उठले, कडेला त्यांचं नांगरून ठेवलेलं एक पड रान होतं, तिकडे हात करून म्हणाले, "हितं पेटवा. हितं काय न्हाई जळायला."

सासूबाईंनी पेंडी वळली आणि पेटवली. त्या पळाल्या नाहीत. ढेकळांतून सावकाश चालत पूर्वेच्या बांधावर गेल्या आणि पेंडी वर धरून उभ्या राहिल्या. छबूबाईने दुसरी पेटवली आणि त्यांच्याजवळ जाऊन, पण थोडी उजवीकडे वळून, उभी राहिली. तिचं गाव त्या अंगाला होतं. म्हातारा आणखी थोडा वळला. एकेक करून सगळी माणसं त्या बांधावर गेली. प्रत्येकाचा हात जरा वेगळ्या दिशेला होता. काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मी मागे उभा होतो. माझं तिकडे काही उरलं नव्हतं. आमची जमीन वडिलांच्या हयातीतच गेली, घरही गेलं, मी नोकरीपायी बाहेर पडलो त्याला वर्षं लोटली. हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी होता, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

नूरमहंमद माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनी उरलेली एक पेंडी आगटीत धरली, ती पेटली तशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मुन्शीजी, तुमचं गाव कुनीकडं?"

मी हात वर केला. धूर डोळ्यांत जात होता. पण दिशा मला बरोबर ठाऊक होती.